१९६६ च्या एमजीबीत त्या काळाला शोभेल असा रेडिओ कोणता बसवावा?

गोदाकाठ६६, नाशिक

सर्वांना सविनय नमस्कार.

वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेले माझे मामा १९६८ मध्ये परतले, तेव्हा तिथे दोन वर्षे वापरलेली स्वतःची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी त्यांनी बोटीने मुंबईला आणली आणि कसारा घाट चढवून नाशिकला घरी आणली. १९६६ ची, उघड्या टपाची, १७९८ सीसीची ही गाडी मामांच्या पश्चात गेल्या वर्षी माझ्याकडे आली. त्याआधी बावीस वर्षे ती गंगापूर रोडवरील बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. अंबडमधील एका अनुभवी मेस्त्रींनी इंजिन, ब्रेक आणि वायरिंग यांचे काम अतिशय निगुतीने केले असून आता दर रविवारी सकाळी आम्ही दोघे त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने किंवा गंगापूर धरणाकडे फेरी मारून येतो.

अडचण डॅशबोर्डच्या मध्यभागी आहे. मूळ गाडीत तेथे रेडिओची चौकट आणि तिच्यावर एमजी अशी अक्षरे असलेली झाकणपट्टी होती, आणि तिच्याखाली स्पीकरची जाळी होती. १९८४ च्या सुमारास मामांनी एका दुकानातून कारटेप बसवून घेतला. त्या कारागिराने टेप आत जावा म्हणून चौकट दोन्ही बाजूंनी कापून मोठी केली आणि दारांच्या पत्र्यालाही स्पीकरसाठी भोके पाडली. तो टेप आता पूर्णपणे बंद आहे. झाकणपट्टी मात्र हत्यारांच्या पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सापडली. ती मामांनी चाळीस वर्षे जपून ठेवली होती, हे पाहून मला फार भरून आले.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, इंग्लंडमधील एका विक्रेत्याकडे असलेला साठच्या दशकातील रेडिओमोबाइल या ब्रिटिश कंपनीचा बटणांचा रेडिओ, जो केवळ मीडियम वेव्ह आणि लाँग वेव्ह घेतो. दुसरा, पुण्याच्या जुन्या बाजारात पाहिलेला सत्तरच्या दशकातील ब्लाऊपुंक्ट या जर्मन कंपनीचा संच, ज्यात एफएम आणि कॅसेट दोन्ही आहेत. तिसरा, दिसायला जुना, क्रोमच्या खुंट्या असलेला, पण आत ब्लूटूथ असणारा नवा संच.

मामांच्या चाळीसेक कॅसेट माझ्याकडे आहेत. त्यांपैकी बऱ्याच त्यांनी स्वतः खासगी मैफलींत ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत आणि त्या याच गाडीत ऐकाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून विचारतो, की ‘काळाला शोभेल असा’ म्हणताना कोणता काळ धरावा? गाडी तयार झाली तो १९६६ चा, ती नाशिकला आली तो १९६८ चा, की मामांनी टेप बसवला तो १९८४ चा? आणि या तिघांपैकी कोणता संच माझ्या गाडीत खरोखर नीट चालेल? गाडीत अजूनही वीज तयार करणारा मूळचा डायनामो असून अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, हे मुद्दाम नमूद करतो, कारण मेस्त्रींनी त्याविषयी दोनदा बजावले आहे.

सातपूर_वायरिंग, नाशिक

नमस्कार. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे विद्युत विभागात काम केले असून निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांचे वायरिंग आवडीने करतो. आपला शेवटचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा. संच पसंत करून मग वायरिंगचा विचार केला, तर पैसे दिलेला रेडिओ पहिल्याच दिवशी जळण्याची शक्यता असते.

आपल्या मेस्त्रींनी बजावले ते अगदी योग्य आहे. १९६२ पासून १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आसनांच्या मागे, जमिनीखालील दोन कप्प्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांचे धन टोक पत्र्यावर जाते. १९६७ च्या अखेरीस आलेल्या पुढच्या आवृत्तीत कंपनीने हे उलटे केले आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर दिला. नव्या काळातील प्रत्येक संच ऋण टोक बॉडीला आहे असे गृहीत धरूनच बनवलेला असतो. असा संच आपल्या गाडीत सरळ जोडला, तर त्याच्या पत्र्याच्या खोक्यातून, बसवण्याच्या पट्टीतून आणि एरियलच्या जाळीदार बाहेरच्या तारेतून थेट शॉर्ट होतो. रेडिओचे खोके रबरावर बसवून वेगळे ठेवले म्हणजे झाले, असे अनेक जण समजतात. पण एरियलची बाहेरची तार मडगार्डच्या पत्र्याला टेकलेली असते आणि दुसऱ्या टोकाला ती रेडिओच्या खोक्यालाच जोडलेली असते. रबराने केलेले सारे काम ती एकटीच निष्फळ करते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे संपूर्ण गाडी निगेटिव्ह अर्थला बदलणे. हे काम अवघड नाही, पण त्यात विसरण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. दोन्ही बॅटऱ्या फिरवून बसवाव्या लागतात आणि धन खुंटी ऋण खुंटीपेक्षा जाड असल्याने केबलची टोकेही बदलावी लागतात. डायनामोच्या दोन्ही तारा काढून त्याच्या एफ टोकाला बॅटरीच्या जिवंत टोकाची तार क्षणभर दोन-तीनदा स्पर्श करून त्याचे ध्रुव पालटून घ्यावे लागतात. हे न करता इंजिन सुरू केले, तर डायनामो उलटा प्रवाह देतो आणि कटआऊटचे, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटतात. ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते, कारण स्पार्क प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकाला ऋण दाब मिळाला तरच ठिणगी सहज उडते. ती अदलाबदल राहून गेली तर गाडी चालते, पण चढावर चुकचुकते आणि कारण मात्र महिनोन्‌महिने सापडत नाही. शिवाय आपल्या वर्षाच्या गाडीतील टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मीटर, इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो उलट्या अर्थवर चालण्यासाठी आतून बदलून घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे अर्थिंग आहे तसे ठेवून केवळ संचासाठी आतल्या वेटोळ्याने विलग केलेला बारा व्होल्ट ते बारा व्होल्टचा कन्व्हर्टर लावणे. त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारांचा एकमेकींशी विद्युत संबंध नसतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूचे ऋण टोक निर्धास्तपणे बॉडीला जोडता येते आणि एरियलचा प्रश्न आपोआप मिटतो. मात्र कन्व्हर्टर घेताना तो विलग प्रकारचाच आहे याची मीटरने खात्री करावी. आत जाणारे ऋण आणि बाहेर येणारे ऋण यांच्यात मीटरने रोध मोजावा, आणि आवाज आला किंवा काटा हलला तर तो कन्व्हर्टर परत करावा.

आता प्रवाहाचा हिशेब पाहू. आपल्या ल्युकास सी-४० डायनामोची कमाल क्षमता २२ अँपियर आहे आणि तीही इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असताना मिळते. सिग्नलला इंजिन मंद चालू असेल तेव्हा तो जवळपास काहीच देत नाही आणि सारा भार बॅटरीवर येतो. रात्री दोन हेडलाइट सुमारे १० अँपियर घेतात, मागचे आणि मीटरचे दिवे मिळून दीड-दोन, इग्निशन तीन-चार, आणि पावसाळ्यात वायपर आणखी दोन-तीन. म्हणजे जुलैच्या एखाद्या रात्री इगतपुरीहून परत येताना आपल्या हाती चार-पाच अँपियर शिल्लक राहतात. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ एक-दीड अँपियरमध्ये भागवतो. खोक्यावर ‘चार गुणिले पन्नास वॅट’ असे छापलेला नवा संच मोठ्या आवाजात त्याच्या पाच-सहा पट ओढू शकतो. तिसऱ्या पर्यायाविषयी माझी मुख्य हरकत ही आहे, त्याच्या दिसण्याशी मला कर्तव्य नाही.

माझे मत विचाराल तर गाडीचे अर्थिंग बदलू नये. साठ वर्षे जशी होती तशी विद्युतरचना आपल्या गाडीत टिकली आहे, ही भाग्याची गोष्ट आहे. तिला साजेसा, पॉझिटिव्ह अर्थवर चालणारा रेडिओ घ्यावा. साठच्या दशकातील अनेक ब्रिटिश रेडिओंना मागे किंवा बाजूला अर्थ बदलण्याची छोटी खुंटी किंवा फिरवता येणारा प्लग असतो. विक्रेत्याकडून त्या भागाचे स्पष्ट छायाचित्र मागवावे आणि खुंटी कोणत्या बाजूला आहे ते गाडीला जोडण्यापूर्वी पाहावे. त्या काळचे ट्रान्झिस्टर उलट्या जोडणीत एका सेकंदात जातात. तसेच स्पीकर न जोडता रेडिओ कधीही चालू करून पाहू नये, कारण त्यानेही शेवटचे ट्रान्झिस्टर जातात.

जुना_बँड, पुणे

वरील उत्तरात विद्युतभाग इतका नीट आला आहे, की मला त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी जुने रेडिओ दुरुस्त करतो आणि जमवतो, त्यामुळे केवळ रेडिओविषयी लिहितो.

आपण ‘काळ’ असा प्रश्न विचारलात, तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९६६ च्या गाडीत स्टिरिओ ही कल्पनाच जवळपास नव्हती. अमेरिकेत फोर्डने १९६६ च्या गाड्यांत आठ ट्रॅकच्या टेपची सोय दिली. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली असली तरी गाडीत ती साठच्या दशकाच्या अखेरीस पोहोचली. इंग्लंडमधील एमजीबीच्या मालकाला त्या वर्षी मिळत असे तो एकाच स्पीकरचा मोनो रेडिओ, आणि तो स्पीकर त्या मधल्या जाळीच्या मागेच बसत असे. म्हणून आपल्या गाडीसाठी काळाला धरून निवड करायची, तर दोन स्पीकरांचा हट्ट आधी सोडावा लागेल. टप उघडे ठेवून साठच्या वेगाने जाताना वाऱ्याच्या आवाजात उजवे-डावे काही कळतही नाही. तेथे माणसाच्या गळ्याचा मधला भाग स्वच्छ ऐकू येणे महत्त्वाचे असते आणि जुन्या कागदी पडद्याचा एक चांगला स्पीकर ते काम उत्तम करतो.

आता बँडकडे वळू. रेडिओमोबाइलवर मीडियम वेव्ह आणि लाँग वेव्ह असतात. लाँग वेव्ह इंग्लंडकडील प्रक्षेपणासाठी होती. आपल्याकडे त्या बँडवर प्रसारण होत नाही, तेव्हा तो अर्धा भाग नाशिकमध्ये कायम मुका राहील. मीडियम वेव्हच्या पट्टीवर आकडे किलोहर्ट्झमध्ये नसून मीटरमध्ये असतात. मुंबईचे ५५८ किलोहर्ट्झ तेथे ५३७ मीटरजवळ शोधावे, मुंबईचेच १०४४ हे २८७ मीटरजवळ आणि पुण्याचे ७९२ हे ३७९ मीटरजवळ. १९६८ मध्ये आपल्या मामांनी या गाडीत रेडिओ लावला असता, तर त्यांनीही सुईने मीडियम वेव्हच्याच पट्टीवर केंद्रे शोधली असती. एफएमचा तर प्रश्नच नव्हता, कारण भारतात एफएमचे प्रसारण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला सुरू झाले.

ब्लाऊपुंक्टविषयी थोडे लिहितो, कारण ही कंपनी मला फार प्रिय आहे. १९३३ पासून अनेक दशके ती बॉशच्या मालकीची होती, त्याच बॉशच्या, जिचा कारखाना आपल्या सातपूरला आहे. त्यांच्या रेडिओंना जर्मन शहरांची नावे असत आणि बांधणी अशी, की पन्नास वर्षांनंतरही खुंटी फिरवताना समाधान वाटते. परंतु सत्तरच्या दशकातील संच जवळजवळ सगळेच निगेटिव्ह अर्थचे आहेत. एफएमची पट्टी पाहून घ्यावी. युरोपातील त्या काळच्या बऱ्याच रेडिओंची पट्टी ८७.५ पासून १०४ मेगाहर्ट्झपर्यंतच असते. आकाशवाणी नाशिकचे १०१.४ त्यात मावते. पन्नासच्या दशकातील, १०० ला संपणारी पट्टी असेल, तर मात्र ते केंद्र लागणारच नाही.

बाजारात फिरताना आणखी दोन प्रकारांपासून सावध राहावे. जपानमध्ये वापरलेले संच स्वस्तात मिळतात आणि दिसतातही देखणे, पण त्यांची एफएमची पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असल्याने आपल्याकडील बहुतेक केंद्रे त्यांवर येत नाहीत. अमेरिकेसाठी बनवलेले आकडेदार ट्यूनर एफएमवर ०.२ च्या टप्प्याने आणि फक्त विषम दशांशांवर थांबतात. त्यामुळे ९८.३ नीट लागते, पण १०१.४ साठी १०१.३ किंवा १०१.५ वर समाधान मानावे लागते. मीडियम वेव्हवर ते दहाच्या टप्प्याने जातात, तर आपली केंद्रे नऊच्या टप्प्याने असतात, म्हणून ५५८ आणि ७९२ दोन्ही हुकतात. सुई फिरणाऱ्या जुन्या पट्टीला यांपैकी कोणतीच अडचण येत नाही.

रेडिओमोबाइल घेतलात, तर पाठवण्यापूर्वी विक्रेत्याला तो तासभर सलग चालवून पाहायला सांगावे. त्या वयाच्या रेडिओत इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकलेले असतात आणि पहिली दहा मिनिटे छान वाजून मग आवाज फाटू लागतो. ते सर्व बदलणे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

घाटवाट, नाशिक

मी वेगळे मत मांडतो आणि ते कठोर वाटले तर क्षमा असावी. आपल्याला झाकणपट्टी सापडली आहे. आपल्या मामांनी ती चाळीस वर्षे जपली, याचा अर्थ कधीतरी ती जागेवर परत लावावी असे त्यांच्या मनात असणार. ती लावावी आणि रेडिओ बसवूच नये. एमजीबीचा रेडिओ कारखान्यातील प्रत्येक गाडीत नसेच. तो हवा असेल त्याने वेगळे पैसे देऊन बसवून घ्यायचा असे आणि म्हणूनच ती पट्टी दिलेली असे. रेडिओविना गाडी ही अपुरी गाडी नव्हे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. त्या नियमांतील मूळ स्वरूपाचा कटाक्ष चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांच्यावर आहे आणि रेडिओने त्याला बाधा येत नाही, हे मी मान्य करतो. तरीही त्र्यंबकच्या रस्त्यावर सकाळी सहा वाजता, अंजनेरीचा डोंगर डावीकडे दिसत असताना, दोन कार्ब्युरेटरांचा श्वास ऐकायचा सोडून रेडिओ का ऐकावा, हे मला समजत नाही. गाण्यांसाठी घर आहे.

गोदाकाठ६६, नाशिक

तिन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. घाटवाट यांचे म्हणणे मी पत्नीला वाचून दाखवले. तिने इतकेच सांगितले, की मामांनी पट्टी जपली हे खरे, पण टेपही त्यांनीच बसवला होता आणि गाडीत गाणे असावे ही त्यांचीच आवड होती. मला तिचे म्हणणे पटले. पट्टी मात्र मी फेकणार नाही.

काल रेडिओमोबाइलच्या विक्रेत्याने छायाचित्रे पाठवली. रेडिओच्या बाजूला अर्थ बदलण्याची खुंटी आहे आणि ती पॉझिटिव्हवर आहे. किंमत मला झेपण्यासारखी आहे. आता दोन प्रश्न उरतात. कापून मोठी केलेली चौकट या लहान रेडिओसाठी कशी भरावी? आणि मामांच्या कॅसेटचे काय करावे? त्या काळी डॅशबोर्डच्या खाली टांगण्याचे वेगळे कॅसेट प्लेयर मिळत असत, तसा एखादा शोधून रेडिओला जोडता येईल का?

सातपूर_वायरिंग, नाशिक

चौकटीचा प्रश्न सोपा आहे. तुमच्या डॅशबोर्डवर काळा रिंकल पेंट असतो. दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची मागून लावायची चौकट अंबडमधील कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घ्या, तिच्यावर तोच रिंकल पेंट मारून भट्टीत वाळवा आणि मागून चार छोट्या स्क्रूंनी धरा. मूळ पत्र्यात वेल्डिंग करू नका. उद्या कोणाला दुसरे काही करावेसे वाटले, तर त्याला मार्ग मोकळा राहील.

कॅसेटविषयी मात्र मी आग्रहाने सांगतो, की त्या गाडीत वाजवू नका. ज्या ध्वनिमुद्रणाची जगात एकच प्रत आहे, ते चाळीस वर्षांच्या टेपच्या तोंडी देणे योग्य नाही. कार प्लेयरमधील रबरी चाक कडक झालेले असते, पट्टा सैल झालेला असतो आणि फीत आत गुंडाळली गेली की ती काढताना चुरगळते. शिवाय एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅसेटचे कवच वाकते. आधी घरच्या चांगल्या डेकवर, फीत वाचणारे हेड स्वच्छ करून, त्याचा कोन प्रत्येक कॅसेटच्या आवाजाप्रमाणे नीट जुळवून, सर्व चाळीस कॅसेट संगणकावर उतरवून घ्या. तुमच्या मामांनी वेगवेगळ्या यंत्रांवर मुद्रण केले असेल, तर हा कोन दर कॅसेटला थोडा वेगळा निघेल. तो जुळला की दबलेला तंबोरा अचानक उघडतो. दोन-तीन पावसाळी महिने लागतील, पण हे काम सर्वांत आधी करण्यासारखे आहे.

मग ते ध्वनिमुद्रण गाडीत ऐकण्यासाठी रेडिओच्या आवाजाच्या खुंटीपाशी एक बाहेरून जोडण्याची तार काढता येते. हे काम पुण्याचे आपले मित्र सहज करून देतील. डावी आणि उजवी वाहिनी एकत्र करताना तारा नुसत्या पिळून जोडू नका. प्रत्येक वाहिनीत एक-एक किलोओहमचा रोध घालून मग त्या एका ठिकाणी आणा, नाहीतर एका वाहिनीचा भार दुसरीवर पडतो. आणि एक फार महत्त्वाची सूचना. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत या तारेचे बाहेरचे आवरण धन टोकाला असते. फोन त्या तारेला जोडलेला असताना तोच फोन गाडीच्या चार्जरला लावला, तर चार्जरचे ऋण आणि तारेचे धन फोनमधून एकमेकांना भेटतात आणि फोन व रेडिओ दोन्ही जाण्याचा धोका असतो. म्हणून फोन किंवा छोटा प्लेयर स्वतःच्या बॅटरीवरच चालवा.

जुना_बँड, पुणे

तार काढून देईन, आनंदाने. आवाजाच्या खुंटीच्या वरच्या टोकाला कंडेन्सरमधून जोडली आणि मध्ये छोटा बदलस्विच ठेवला, म्हणजे रेडिओची मूळ रचना कुठेही तोडावी लागणार नाही.

बसवताना खरखर येईल, त्याची तयारी आधीच ठेवा. कॉइलच्या जिवंत बाजूला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, डायनामोच्या मोठ्या टोकाला तसाच दुसरा, आणि प्लगला रोध असलेल्या टोप्या, एवढ्याने बहुतेक काम होते. डायनामोच्या लहान एफ टोकाला मात्र कंडेन्सर चुकूनही लावू नये, त्याने कटआऊटचे नियमन बिघडते. एरियल बसवल्यावर मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाकडे, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, अगदी क्षीण ऐकू येणारे एखादे केंद्र लावा आणि रेडिओवरील एरियलचा छोटा स्क्रू आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत हळूहळू फिरवा. ही गोष्ट दहापैकी नऊ जण करत नाहीत आणि मग रेडिओलाच दोष देतात.

गोदाकाठ६६, नाशिक

रेडिओमोबाइल मागवला आहे. अर्थिंग आहे तसेच पॉझिटिव्ह राहील. दारांतील स्पीकर काढून ती भोके आतून पत्रा लावून बुजवण्याचे काम मेस्त्रींनी पुढच्या आठवड्यात घेतले आहे आणि मधल्या जाळीमागे एकच स्पीकर बसेल. झाकणपट्टी रेडिओमागच्या चौकटीच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी लावून ठेवायचे ठरवले आहे, म्हणजे ती गाडीतच राहील आणि ज्याला हवी त्याला पुढे सापडेल.

कॅसेटचे काम कालच सुरू केले. पहिल्याच कॅसेटच्या वेष्टनावर मामांच्या अक्षरात तारीख आणि ‘पावसाचा आवाज येतो आहे, तसाच ठेवला’ असे लिहिलेले आहे. सातपूर_वायरिंग यांना विनंती, की हेडचा कोन जुळवण्याचा स्क्रू डेकमध्ये नेमका कोठे असतो आणि तो फिरवण्यासाठी कोणत्या आकाराचा पेचकस घ्यावा, हे कृपया सांगावे. रविवारी दुपारी मी घरी आहे. आपण गंगापूर रोडला आलात, तर गाडीही पाहता येईल.